व्हिडिओ संपादनातील वर्कस्पेसची मांडणी

व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती पॅनेल्स (एकेका कामाचे चौकोनी भाग) पडद्यावर दिसावीत, कुठे असावीत आणि किती मोठी असावीत हे संपादक स्वतः ठरवू शकतो. ठरलेल्या रचनेला नाव देऊन ती साठवून ठेवता येते. अशा साठवलेल्या रचनेला वर्कस्पेस किंवा लेआउट म्हणतात. ॲडोबी प्रीमियर प्रो, ॲव्हिड मीडिया कंपोझर, दाविंची रिझॉल्व्ह, फायनल कट प्रो, केडेनलाइव्ह, शॉटकट या सगळ्यांत ही सोय आहे, पण मोकळीक कुठे जास्त, कुठे कमी. या सोयीकडे सजावट म्हणून पाहू नये. संपादक दिवसभर हजारो छोटे निर्णय घेतो, आणि त्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी नजरेसमोर काय आहे याचा त्या निर्णयावर परिणाम होतो.

बहुतेक सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर एकच चित्र दिसते: डावीकडे कच्चे फुटेज दाखवणारा सोर्स मॉनिटर, उजवीकडे जुळवलेले काम दाखवणारा प्रोग्राम मॉनिटर आणि खाली टाइमलाइन, म्हणजे क्लिप क्रमाने जुळवायची पट्टी. डाव्या-उजव्या मॉनिटरची ही जोडी टेपवरच्या संपादनातून आली आहे. तेव्हा एका यंत्रावर मूळ टेप चालवायची, दुसऱ्यावर निवडलेला भाग उतरवून घ्यायचा आणि दोन्हींचे मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवायचे, अशी पद्धत होती. त्याआधी फिल्म कापली जाई ती १९२४ मध्ये आलेल्या मूव्हिओलावर, आणि पुढे स्टीनबेकच्या सपाट टेबलावर. पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत (एफटीआयआय) विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या स्टीनबेकवरच संपादन शिकल्या. या यंत्रांची मांडणी लोखंडात पक्की झालेली असल्याने माणसानेच यंत्राशी जुळवून घ्यायचे असे. १९८९ मध्ये ॲव्हिडने मीडिया कंपोझर आणले आणि बिन (क्लिप ठेवायचे कप्पे), मॉनिटर, टाइमलाइन या गोष्टी पडद्यावरच्या खिडक्या झाल्या. ॲव्हिडवाल्यांची एक जुनी घडी आजही टिकून आहे: एका स्क्रीनवर बिन, दुसऱ्यावर मॉनिटर आणि टाइमलाइन, शिवाय दिग्दर्शकाला पाहण्यासाठी एक वेगळा टीव्ही.

मांडणी प्रत्यक्षात कशी बदलते हे प्रीमियर प्रोमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. पॅनेलच्या टॅबला धरून ओढले की दुसऱ्या पॅनेलचे भाग उजळतात. कडेच्या भागात सोडल्यास जागा विभागली जाते आणि दोन पॅनेल्स शेजारी किंवा वर-खाली बसतात. मधोमध सोडल्यास दोन्ही एका गटात जातात आणि टॅब बदलून पाहता येतात. दोन पॅनेल्समधली रेघ ओढून आकार बदलतो. कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून ओढले तर पॅनेल सुटे होऊन तरंगते, म्हणजे त्याला दुसऱ्या स्क्रीनवरही नेता येते. एकच्या आकड्याच्या डावीकडची कळ दाबली की कर्सरखालचे पॅनेल संपूर्ण जागा व्यापते आणि पुन्हा दाबली की जागेवर परतते. दुसरा स्क्रीन नसलेल्या संपादकाला या एका कळीचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याही महागड्या उपकरणाचा होत नसेल.

एक बारकावा नवशिक्यांना फार गोंधळात टाकतो. प्रीमियर तुम्ही केलेले फेरफार लक्षात ठेवतो, पण त्यामुळे ते कायमचे साठवले जात नाहीत. विंडो मेनूतल्या वर्कस्पेसेसमध्ये जाऊन नव्या नावाने सेव्ह केले किंवा चालू वर्कस्पेसमध्येच बदल जतन केले, तरच ती रचना पक्की होते. त्यानंतर कितीही विस्कटली तरी ऑल्ट, शिफ्ट आणि शून्य (मॅकवर ऑप्शन, शिफ्ट आणि शून्य) दाबले की शेवटची जतन केलेली मांडणी परत येते. चुकून बंद झालेले पॅनेल कधीच हरवत नाही, विंडो मेनूत त्याचे नाव असते. दुसऱ्याचा प्रोजेक्ट उघडल्यावर आपली मांडणी अचानक बदलली, तर ‘प्रोजेक्टमधून वर्कस्पेस आयात करा’ हा पर्याय चालू असतो. तो त्याच मेनूतून बंद करता येतो.

एकच मांडणी सगळ्या कामाला पुरत नाही. फुटेज तपासून निवडताना सगळ्या क्लिप दाखवणारे प्रोजेक्ट पॅनेल मोठे हवे, क्लिपची चित्रे ठळक हवीत आणि टाइमलाइन नाममात्र चालते. जुळवणीला बसलो की टाइमलाइनला पडद्याची निम्मी उंची द्यावी. आवाजाच्या कामात ट्रॅक उंच करून वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराचा आलेख) वाचता यावा, शेजारी मिक्सर आणि मीटर असावेत. तेव्हा सोर्स मॉनिटर लागतच नाही. रंगाच्या कामात प्रोग्राम मॉनिटर शक्य तितका मोठा, एका बाजूला स्कोप्स (रंग आणि उजेड मोजणारे आलेख) आणि दुसऱ्या बाजूला रंग बदलायचे ल्युमेट्री कलर पॅनेल असते. ल्युमेट्री कलर प्रीमियरमध्ये २०१५ मध्ये आले. उभ्या, म्हणजे ९:१६ प्रमाणातल्या व्हिडिओसाठी प्रीमियरमध्ये वेगळी तयार मांडणीच आहे, कारण आडव्या मॉनिटरमध्ये उभे चित्र मधल्या पट्टीएवढे उरते.

सबटायटलच्या मांडणीत मराठी संपादकाने आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात मजकुरासाठी दक्षिण आशियाई इंजिन निवडले नसेल, तर देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कळीत होतात. कीबोर्ड मराठीवर असताना एका अक्षराचे शॉर्टकट कधीकधी चालत नाहीत, म्हणून टायपिंग संपले की भाषा बदलण्याची सवय लावून घेतलेली बरी.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची अडचण जागेची असते. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर सोर्स, प्रोग्राम, इफेक्ट कंट्रोल्स, प्रोजेक्ट आणि टाइमलाइन एकदम मांडले तर एकही नीट वाचता येत नाही. अशा वेळी सोर्स आणि इफेक्ट कंट्रोल्स एका गटात, प्रोजेक्ट आणि इफेक्ट्स दुसऱ्या गटात ठेवून पॅनेलचे शॉर्टकट पाठ करावेत: प्रोजेक्टसाठी शिफ्ट आणि १, सोर्ससाठी २, टाइमलाइनसाठी ३, प्रोग्रामसाठी ४, इफेक्ट कंट्रोल्ससाठी ५. सगळी पॅनेल्स दाखवणारी तयार मांडणीही मिळते. शिकताना ओळख करून घ्यायला ती ठीक आहे, रोजच्या कामाला नाही.

दाविंची रिझॉल्व्हने उलट वाट धरली. हे मूळचे रंगकामाचे सॉफ्टवेअर. ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये दा विंची सिस्टिम्स विकत घेतली आणि पुढे त्यात एकेक विभाग वाढत गेला: आवाजासाठी फेअरलाइट २०१७ मध्ये, इफेक्ट्ससाठी फ्यूजन २०१८ मध्ये, झटपट संपादनासाठी कट २०१९ मध्ये. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र पान असून शिफ्टसोबत २ ते ८ दाबून पाने बदलतात. इथे पॅनेल हवे तिथे ओढून नेता येत नाही. ते उघडता-मिटता आणि लहान-मोठे करता येते, स्कोप्स वेगळ्या खिडकीत काढता येतात आणि तेवढी रचना प्रीसेट म्हणून ठेवता येते. मोकळीक कमी असल्याचा फायदा असा की कुठल्याही यंत्रावर बसले तरी सगळे ओळखीचे वाटते.

फायनल कट प्रो एक्सने २०११ मध्ये सारे एका खिडकीत बांधले, आणि फायनल कट ७ मधल्या सुट्या खिडक्यांची सवय असलेले संपादक नाराज झाले. २०१६ च्या १०.३ आवृत्तीत वर्कस्पेस आले. मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरही मागे नाही. केडेनलाइव्हने २०२० च्या २०.०८ आवृत्तीत लॉगिंग (फुटेज पाहून नोंदी करणे), संपादन, ध्वनी, इफेक्ट आणि रंग अशा तयार मांडण्या दिल्या. शॉटकटमध्येही जवळपास हीच नावे सापडतात.

एकाच यंत्रावर पाळीपाळीने अनेक जण बसतात तिथे प्रत्येकाने आपली मांडणी स्वतःच्या नावाने ठेवावी आणि तयार मांडण्यांत बदल जतन करू नयेत. प्रीमियरच्या साठवलेल्या मांडण्या डॉक्युमेंट्समधल्या ॲडोबीच्या फोल्डरात, वापरकर्त्याच्या प्रोफाइलखालच्या लेआउट्स फोल्डरात असतात. त्या फायली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्रावर त्याच जागी टाकल्या की आपली मांडणी तिथेही मिळते. नव्या यंत्राचा स्क्रीन वेगळ्या आकाराचा असेल तर प्रमाणे बिघडतात; मग पॅनेल्स एकदा सावरून ती रचना त्या यंत्रापुरती वेगळ्या नावाने जतन करावी.