बाटलीतला नेचा ते फुलदाणीतला फायटर

वन बीएचकेच्या खिडकीत मनीप्लांटची बाटली बहुतेक असतेच. ती जरा मोठी घेऊन आत एक फायटर मासा सोडायचा, की कोपरा एकदम खुलतो. ‘झाड पाणी साफ ठेवतं, मासा झाडाला खत देतो,’ असं दुकानदारही बिनदिक्कत सांगतो. त्याच्या या बोलण्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि सुरुवातीला त्यात तथ्यही होतं.

गोष्ट लंडनची. नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला नेचे लावायचा भारी नाद, पण तिथल्या धुरात ते जगेनात. १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश त्याने ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवून आलं. त्यातून वॉर्डची काचपेटी निघाली. (चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी चहाची रोपं आली तीही अशाच पेट्यांतून.) १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि पेट्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरल्या.

काचेच्या भांड्यात पाणी न बदलता मासे कसे जगवायचे, हे कोडं सोडवलं ते रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. बारा गॅलनचं काचेचं भांडं, दोन छोटे गोल्डफिश आणि तळाच्या वाळूत रोवलेली वॅलिसनेरिया, म्हणजे पाण्याखालीच वाढणारी, रिबिनीसारख्या पानांची वनस्पती. ती ऑक्सिजन पाण्यात सोडणार, मासे तो घेणार. काही दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झालं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण माझ्या मते फिशटँकचा खरा जनक तोच.

पुढे लाटच आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि वर्षभरात फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. खिडकीत वर नेचे आणि खाली मासे, अशी जोडपेटीही निघाली. शोभा वाढली, पण वॉरिंग्टनचा हिशेब मागे पडू लागला.

आजची फुलदाणी त्याच वाटेवरची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फुलदाणीत पीस लिली या शोभेच्या झाडाच्या मुळांखाली फायटर ठेवायची टूम निघाली. हा मासा मूळचा थायलंडच्या उथळ, संथ पाण्यातला. पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेणारा, म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो, आणि तो मजेत आहे असा आपला समज होतो. मुळं खाऊन तो जगतो ही तर निव्वळ थाप. फायटर किडे-अळ्या खाणारा. माशाच्या विष्ठेतून पाण्यात तयार होणारा नायट्रेट हा क्षार मुळं थोडाफार ओढतात, तेवढं खरं. पण मनीप्लांटची पानं असतात पाण्याबाहेर, त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन जातो हॉलमध्ये. माशाची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे मात्र त्याच दोन लिटर पाण्यात कुजत राहतात.

आणि गोगलगायी? दुकानात त्यांचं नाव काढलं, तर माणूस त्या मारायचं औषध पुढे करतो.