लगना (उर्दू क्रियापद)

लगना हे उर्दूतलं रोज कानावर पडणारं क्रियापद, लिहायला लाम, गाफ, नून, अलिफ अशी चारच अक्षरं, पण अर्थ मोजायला बसलात तर भूक, आग, नजर, नोकरी, नातं, वेळ, पैसा सगळं ह्याच्याच गळ्यात. हे आणि आपलं 'लागणे' एकाच घरातले, प्राकृत 'लग्ग', त्याच्या मागे संस्कृत 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, आणि मांडवातलं लग्न पण तिथलंच. जॉन प्लॅट्सच्या १८८४ च्या उर्दू कोशात ह्याची चांगली लांबलचक नोंद आहे. ती पाठ करायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

मूळ अर्थ चिकटणं एवढाच. 'लिफ़ाफ़े पर टिकट लगा है', 'दरवाज़े पर ताला लगा है', इथपर्यंत काही अडत नाही. पुढे 'मुझे भूख लगी है' आलं की बघायचं ते हे की वाक्याचा मालक मी नाहीच, भूक येऊन मला चिकटलीय, म्हणून मला 'को' लागतो (मुझे, उसे, अम्मी को) आणि क्रियापद भुकेच्या लिंगाने चालतं. भूख लगी, प्यास लगी, देर लगी, पण वक़्त लगा, डर लगा. मराठी माणूस फसतो तो ह्या डर पाशी, कारण आपली भीती स्त्रीलिंगी, मग तोंडातून 'मुझे डर लगी' निघतं आणि समोरचा हसतो.

खरं तर आपल्याला हा शब्द अर्धा येतो हीच अडचण आहे. आग लगना, धूप लगना, नज़र लगना, नौकरी लगना, हाथ लगना हे जसंच्या तसं मराठीत आहे. 'वो मेरे चचा लगते हैं' म्हणजे ते माझे काका लागतात, आणि 'आँख लग गई' म्हणजे डोळा लागला, इतकं जवळचं. पण झोप मात्र तिकडे 'लगत' नाही, 'नींद आना' म्हणतात. थंडी आपल्याकडे वाजते, तिकडे 'सर्दी लगती है', आणि ही सर्दी म्हणजे नाक गळणारी नाही, त्याला ज़ुकाम म्हणायचं. जत्रा आणि बाजार आपल्याकडे भरतात, तिकडे 'लगते हैं'. मिरची झोंबते, तिकडे 'मिर्चें लगती हैं', बोलणं झोंबलं तरी तेच.

मोठा खड्डा पुढे आहे. मराठीत गरज पण 'लागणे'नेच सांगतात, 'मला पैसे लागतील', आणि सक्ती पण, 'जावं लागतं'. उर्दूत गरजेला 'चाहिए' आणि सक्तीला 'पड़ना', जाना पड़ता है. महाराष्ट्रातल्या बोलण्यात 'जाना लगेगा' सर्रास ऐकू येतं, चालून पण जातं, पण उर्दू बोलणाऱ्याच्या कानाला खटकतं. मी एकदा लखनौच्या रूममेटला उसने मागायचे म्हणून म्हटलं, 'यार, मुझे पाँच सौ रुपये लगेंगे', तर तो शांतपणे विचारतो, 'किस चीज़ के?' त्याने ऐकलं ते असं की मला कशाला तरी पाचशे खर्च येणार आहे, आणि मी हात पुढे करून उभा.

वाटण्याचं काम आपल्याकडे 'वाटणे' करतं, तिकडे तेही लगनाच करतं. 'मुझे लगता है कि बारिश होगी', 'ये आदमी शरीफ़ लगता है', अच्छा लगना, बुरा लगना. मन रमणं म्हणजे दिल लगना, 'यहाँ दिल नहीं लगता' हे नवीन शहरात गेलेल्या प्रत्येकाचं वाक्य.

सुरू होणं दाखवायचं तर आधीच्या क्रियापदाचा 'ना' बदलून 'ने' होतो आणि पुढे लगना येतं, रोना वरून 'वो रोने लगा', म्हणजे रडायला लागला. ह्यात 'उसने' कधीच येत नाही, पुढे कर्म असलं तरी, 'वो किताब पढ़ने लगी'. मराठीत पण 'ती पुस्तक वाचायला लागली' असंच असल्यामुळे हे आपल्याला फुकटात मिळतं, व्याकरण पाठ करून शिकणारे इथे 'ने' घालून बसतात. आणि 'मुझे डर लगने लगा' मध्ये दोन लगना शेजारी शेजारी, पहिला भीतीचा, दुसरा सुरुवातीचा, त्यात काही चूक नाही, आपलं 'भीती वाटायला लागली'.

मुद्दाम केलं की लगना चं लगाना होतं (आपलं लावणे), 'उसने शर्त लगाई', इथे मात्र 'ने' येतो. दुसऱ्याकडून करून घेतलं की लगवाना, 'बच्चे को टीका लगवाना है', म्हणजे मुलाला लस टोचून घ्यायचीय.

इजेचं शेवटी सांगतो कारण ते मला सगळ्यात उशिरा कळलं. पडल्यावर आपण म्हणतो 'मला लागलं', ते तसंच उचलून 'मुझे लगा' म्हटलं तर समोरचा पुढचं ऐकायला थांबतो, काय वाटलं ह्याला? म्हणायचं असतं 'मुझे चोट लगी' किंवा नुसतं 'लग गई'. चोट हा शब्द गाळला तरी त्याचं स्त्रीलिंग क्रियापदात राहतं, म्हणून रस्त्यात कोणी घसरून पडलं की लोक धावत येऊन विचारतात, 'लगी तो नहीं?'