परमेश्वराचा दिवस

परमेश्वराचा दिवस (हिब्रू ‘योम याहवे’) : दुष्टपणा आणि गर्व यांचा देव ज्या दिवशी न्याय करील तो दिवस; हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीतील एक मध्यवर्ती कल्पना. जुन्या मराठी बायबलात या संदेष्ट्यांना ‘भविष्यवादी’ म्हटले आहे. ‘संदेष्टा’ हा शब्द अधिक नेमका, कारण भाकीत सांगण्यापेक्षा देवाचा निरोप तोंडावर सांगणे हेच त्यांचे मुख्य काम होते.

ही कल्पना सर्वांत आधी भेटते ती इ.स.पू. आठव्या शतकातील आमोसच्या ग्रंथात. आमोस यरुशलेमच्या दक्षिणेकडील तकोवा गावचा. मेंढरे राखणे आणि उंबराच्या झाडांची निगा करणे हा त्याचा धंदा. (मूळ झाड सिकमोर, ते आपल्या उंबराच्याच कुळातले, त्यामुळे मराठी भाषांतरातला शब्द छान बसला आहे.) राजा दुसरा यराबाम याच्या अमदानीत उत्तरेचे इस्राएल राज्य भरभराटीला आले होते. परमेश्वराचा दिवस म्हणजे आपल्या शत्रूंचा नाश आणि आपला विजय, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. आमोसने ती उलटी केली. तो दिवस उजेडाचा नसून अंधाराचा आहे, असे तो म्हणाला. सिंहापासून पळालेल्याला अस्वल गाठते. तिथून निसटून तो घरी येतो, भिंतीला हात टेकतो, तर साप डसतो.

त्याच्या ग्रंथाची सुरुवातही अशीच ऐकणाऱ्याला घेरत जाते. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी एकेका शेजाऱ्याची पापे तो मोजतो. मवाबाचा गुन्हा तर इस्राएलविरुद्ध नाहीच; त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून चुना केला. म्हणजे एका शत्रूने दुसऱ्या शत्रूवर केलेला अत्याचारही देवाच्या हिशेबात धरला जातो. मग दक्षिणेचे यहूदा राज्य, आणि शेवटी खुद्द इस्राएल. त्याच्यावरचे आरोप बाजारातले आहेत: चांदीसाठी निरपराध माणूस आणि वहाणांच्या एका जोडासाठी गरीब विकला जातो, माप लहान, वजन जड, तराजू खोटा, गव्हाच्या नावाखाली भुसकट गळ्यात मारतात, आणि शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) कधी संपतो नि दुकान कधी उघडते, असे व्यापाऱ्यांना झालेले असते. आमोस ज्या हस्तिदंती घरांवर कडाडतो, त्यांची आठवण करून देणारे कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे विसाव्या शतकात इस्राएलची राजधानी शोमरोन हिच्या उत्खननात सापडले. इस्राएलमधल्या बेथेलचा याजक अमस्या याने आमोसला परत जायला सांगितले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडले.

गर्वाचे सर्वांत सविस्तर चित्र संदेष्टा यशया याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मराठीत माणूस ‘चढून जातो’. हिब्रूतही उंचीचे शब्दच गर्वाला लागतात. म्हणून तो दिवस उंच असलेल्या सगळ्यांवर येतो: लबानोनचे गंधसरू, बाशानचे ओक, डोंगर, बुरूज, तटबंदी, तार्शीशची गलबते. दहाव्या अध्यायात विचार आणखी पुढे जातो. अश्शूर हा देवाच्या क्रोधाचा सोटा. पण तो स्वतःच्याच बळाचा माज करू लागतो, तेव्हा यशया विचारतो, कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी काय? ज्याच्या हातून शिक्षा होते त्यालाही न्याय चुकत नाही. अश्शूरची राजधानी निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये पडली. ‘मी देव आहे’ म्हणणारा सोरचा अधिपती (यहेज्केल संदेष्ट्याचा ग्रंथ) आणि खडकांच्या कपारीत राहून ‘मला खाली कोण उतरवील’ म्हणणारा अदोम (ओबद्याचा ग्रंथ) ही याच माळेतली उदाहरणे. सदोमचे पापही यहेज्केल अनपेक्षित शब्दांत सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि गरिबाला हात न देणे.

यहूदाचा राजा योशीया याच्या काळातला संदेष्टा सफन्या या कल्पनेला सर्वांत कठोर रूप देतो. देव दिवे घेऊन यरुशलेम धुंडाळील, आणि ‘परमेश्वर बरेही करणार नाही, वाईटही नाही’ असे मनात म्हणणाऱ्यांना शोधून काढील. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने नगर आणि मंदिर उद्ध्वस्त केले. त्याचा शोक ज्यू अव महिन्याच्या नवमीला उपवासाने पाळतात. कोकणातल्या बेने इस्राएलांत हाच दिवस बिरड्याच्या नावाने ओळखला जातो. त्याआधीच्या शब्बाथला सभास्थानात यशयाचा पहिला अध्याय वाचतात: तुमचे हात रक्ताने भरले आहेत, धुऊन स्वच्छ व्हा.

त्या ‘धुऊन स्वच्छ व्हा’त या न्यायाची दुसरी बाजू आहे. धमकी बहुतेक वेळा परतण्याची हाक असते. संदेष्टा योना याच्या ग्रंथात निनवे गोणपाट नेसून पश्चात्ताप करते आणि वाचते. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारी हाच ग्रंथ वाचतात. शत्रू वाचल्याचा योनाला राग येतो. त्यावर देव त्याला विचारतो, उजवे-डावे न कळणारी १,२०,००० पेक्षा जास्त माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या त्या मोठ्या नगराची मी कीव करू नये काय? योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही.