लॅमिनेटेड ठोकळा की प्लायवूड? धनुष्याच्या मुठीचं लाकूड

बेळगाव-खानापूरकडे घरी धनुष्य करणाऱ्याला लाकडाची वाण नसते. दारं-चौकटी करणाऱ्या सुताराकडे सागवानाच्या पट्ट्या उरलेल्या असतात (त्या एकमेकींना डकवल्या की लॅमिनेटेड ठोकळा होतो), फर्निचरवाल्याकडे जाड प्लायचे तुकडे. दोन्हींत थर दिसतात, म्हणून रायझरला, म्हणजे मधल्या ताठ मुठीला, कोणतंही चालेल असं वाटतं. तसं नाही.

प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. त्यामुळे ती सहज चिरत नाही आणि ओलीनं फारशी फुगत-आकसत नाही. कपाटाला तेच हवं. दोरी ओढली की रायझरवरचा ताण मात्र बहुतांशी लांबीच्या दिशेनं येतो: तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते, निशाणाकडची ताणली जाते. आडव्या रेषांचे थर इथं जवळपास नुसती जागा अडवतात. दुकानात सांगतील, ‘710 मरीन (IS 710 दर्जाची प्लाय) घ्या, पावसात काही होत नाही.’ खरं आहे, पण तो गुण पाण्यात टिकण्याचा. थर आडवे ते आडवेच.

लॅमिनेटेड ठोकळ्यात सगळ्या पट्ट्यांचे रेषे लांबीलाच धावतात. एका पट्टीत गाठ किंवा तिरकी रेष असली तरी शेजारची पट्टी तिला सावरते. खरी परीक्षा बाण टेकवायची खिडकी, म्हणजे मुठीच्या बाजूची खाच, कापताना होते. 45 मि.मी. रुंदीच्या मुठीत खिडकी मध्यापर्यंत नेली, की तिथं निम्मंच लाकूड राहतं. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याची खिडकी त्याच्या डाव्या अंगाला येते, तेव्हा सर्वांत कणखर, सरळ रेषेची पट्टी मध्ये आणि उजवीकडे घ्यावी. डावीकडची बरीचशी भुश्श्यातच जाते. सुबक रंगसंगतीपायी हे उलटं करणारे बरेच. मुठीची खोलीही, म्हणजे तिरंदाजाकडून निशाणाकडे मोजलेली जाडी, राखा, कारण ताठपणा खोलीच्या घनाप्रमाणे बदलतो.

सागवान तेलकट असतं. डकवण्याआधी घासून ॲसिटोननं पुसावं, दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरावं आणि शिकंजा बेताचा आवळावा. फार आवळला तर गोंदच बाहेर येतो. खानापूरच्या पावसात पट्ट्या अधूनमधून तोलाव्यात, वजन उतरायचं थांबलं की मगच डकवाव्यात.

खिडकी उथळ असेल तर सरळ रेषेचा, बिनगाठीचा अखंड तुकडा पुरतो, डकवण्याची उस्तवार कशाला!

प्लायचा तुकडा मात्र फेकू नका. लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांच्या, पट्ट्या वाकवून डकवायचा साचा त्याचाच छान होतो.