टाळूची जखम आणि फसलेला लेझर

हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की गार पाण्याच्या घोटानेही सणक जाते. यावर ग्राफ्टिंगचा इलाज १९६० च्या दशकात रुळला. टाळूवरून एक-दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढायचा आणि हिरडीवर टाके घालून बसवायचा. खरा त्रास मात्र तुकडा बसवलेल्या जागेचा नसतो, टाळूचा असतो. तिथली सोललेली जखम उघडीच राहते आणि कडांकडून आत भरत येते. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात साधा वरणभातही झोंबतो. १९८५ मध्ये बर्टन आणि लॉरीन लँगर यांनी वरचा थर जागेवर ठेवून खालची ऊतीच काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा हाल कमी झाले. तरी काही रुग्णांना जुनी पद्धतच लागते.

टाळूची ही जखम लवकर भरावी म्हणून तिच्यावर मंद लेझरचा प्रकाशही टाकून पाहतात. या प्रकाशाची गोष्ट सुरू होते वेगळ्याच गावी. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळालं. पण आजच्या उपचाराचं मूळ आहे बुडापेस्टमध्ये. १९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला, आणि काही वर्षांतच तिथले शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर उंदरांवर त्याचे प्रयोग करू लागले. लेझरने गाठी जाळता येतात, असा अमेरिकेतला दावा त्यांना पडताळायचा होता. त्यांच्या लेझरमध्ये तेवढा दम नव्हता. गाठी काही जळल्या नाहीत, पण पाठीवरचे भादरलेले केस लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरल्या. पुढे त्यांनी न भरणाऱ्या व्रणांवर हाच मंद लेझर वापरला.

असं का होतं, याचं सर्वात जास्त मानलं जाणारं उत्तर तिइना कारू यांच्या संशोधनातून आलं. तांबडा आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाश पेशींच्या मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) शोषतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते. इथे मात्रेला फार महत्त्व आहे. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर परिणाम ओसरतो, कधी उलटतोही. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलून निघतं, ते टाळण्यासाठी या प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तोंडाच्या बाबतीत सर्वात भक्कम पुरावा तिथलाच.

टाळूची जखम संशोधकांच्या पथ्यावर पडली. तिचा आकार ठरवून काढता येतो आणि ती डोळ्यांना दिसते. कातडी पुरती आली का, हे पाहायला तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. फेस आला तर आतली ऊती अजून उघडी आहे. दुखणं मात्र रुग्णाने मोजपट्टीवर खूण करून सांगायचं असतं, म्हणून तुलनेच्या गटात यंत्र बंद ठेवून नुसती लेझरची कांडी धरतात. अशा छोट्या चाचण्यांत जखम लवकर भरल्याचं अनेकदा दिसलं, वेदनेचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. जुळावेत तरी कसे? कुणी ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतं, कुणी ९४०, आणि बैठकांची संख्या ज्याची त्याची. शिवाय टाळू झाकणारी प्लास्टिकची पट्टी, कोलॅजन, टिश्यू ग्लू, रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं फायब्रिन हे पर्याय आहेतच. त्यातली प्लास्टिकची पट्टी बसवायला महागडं यंत्र लागत नाही, आणि तिच्यासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा दवाखान्यात खेटे घालावे लागत नाहीत.