जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला कॅमेरा? अजिबात नाही!

जळगाव-धुळ्याकडे पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायला निघालेल्याला हमखास एकच सल्ला मिळतो: ‘मेगापिक्सेल जास्त बघ.’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यापायी बेताचं बजेट भलतीकडेच खर्च होतं. मेगापिक्सेल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या, दर्जा नव्हे. ए-फोर आकाराच्या स्वच्छ छपाईला साधारण 9 मेगापिक्सेल पुरतात. 2016 चा कॅनन 1300डी 18 मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे गरजेच्या दुप्पट!

खरा फरक पडतो लेन्सने. सारंगखेड्याच्या यात्रेत दिवेलागणीला नाचणारा घोडा टिपायचाय असं समजा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 मिलिमीटरची झूम लेन्स 50 मिलिमीटरवर जेमतेम एफ 5.6 पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). 50 मिलिमीटर एफ 1.8 लेन्स तिच्या नऊपटींहून जास्त प्रकाश आत घेते. त्यामुळे शटरचा वेग वाढवता येतो आणि उधळलेले पाय पुसट येत नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी, वापरलेली घ्या आणि वाचलेल्या पैशांत ही लेन्स. निकॉनची डी3500 सारखी बॉडी असेल तर लेन्स एएफ-एसच, म्हणजे स्वतःची फोकस मोटर असलेली बघा. त्या बॉडीत फोकस मोटर नसते. स्वस्तातली जुनी, मोटर नसलेली एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो.