चुकवणी टँक

चुकवणी टँक : ऑनलाइन भूमिका-खेळांत शत्रूला स्वतःवर ओढून ठेवणारा, पण त्याचे वार चिलखतावर न घेता अंगाला लागूच न देणारा लढवय्या. मंक, निन्जा, ब्रॉलर हे पात्रांचे वर्ग या प्रकारात मोडतात. बडोद्यासारख्या आखाड्यांच्या गावात हा भेद फरीगदग्यावरून लगेच ध्यानात येतो : फरीवर वार घेणारा वेगळा आणि पवित्रा बदलून वार वाया घालवणारा वेगळा. टँक (शत्रूला स्वतःवर ओढून ठेवणारा), हीलर (साथीदारांचे नुकसान भरून काढणारा), अ‍ॅग्रो (शत्रूचा रोख कोणावर आहे ते) हे शब्द मराठी खेळाडू जसेच्या तसे वापरतात. येथेही तसेच ठेवले आहेत.

उगम : याबद्दल एकमत नाही. काहींच्या मते ही कल्पना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळातील (१९७४) आर्मर क्लास या संरक्षणाच्या आकड्यापासून आहे. तेथे चिलखत वाराचा जोर कमी करत नाही, वार लागण्याची शक्यताच कमी करते. उघड्या अंगाला ९ आणि पूर्ण चिलखत व ढाल असल्यास २ असा तो आकडा होता, म्हणजे लहान आकडा चांगला. हिशेब म्हणून हे बरोबर आहे, परंतु या न्यायाने प्रत्येक चिलखती योद्धा चुकवणीचाच ठरतो आणि भेदच उरत नाही. त्यापेक्षा त्याच खेळाच्या १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीतील मंक हा पूर्वज मानणे सयुक्तिक वाटते. तो चिलखत घालत नाही आणि पातळी वाढेल तसा त्याचा आर्मर क्लास आपोआप सुधारतो. टँक ही संज्ञा बहुधा १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, कोपनहेगन येथे तयार झालेल्या डिकूमड व त्याच्या वंशातील मजकुरी खेळांत रुळली.

‘एव्हरक्वेस्ट २’ने (२००४) फायटर गटाचे वॉरियर, क्रुसेडर आणि ब्रॉलर असे तीन भाग केले. चामड्याचे कपडे घालणारे मंक व ब्रुझर हे ब्रॉलर. त्यांनी चुकवणीवर टँक करावे हे तेथे आराखड्यातच होते. ‘फायनल फँटसी ११’मधील (जपान, २००२) निन्जा मात्र खेळाडूंनीच टँक बनवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शिहेई नावाचे कागदी साधन खर्चून ‘उत्सुसेमी : इची’ मंत्र टाकला की त्याच्याभोवती तीन सावल्या उभ्या राहतात आणि प्रत्येक सावली एकेक वार गिळते. मंत्राला ४ सेकंद लागतात आणि मध्येच वार बसला तर तो तुटू शकतो. म्हणून शेवटची सावली शिल्लक असतानाच पुढचा मंत्र सुरू करावा लागतो. परिसरभर पसरणाऱ्या हल्ल्यात तिन्ही सावल्या एकदम जातात.

गणित : सरासरी नुकसान ही या पद्धतीची फसवी मोजणी आहे. शत्रूचा वार १०,००० चा धरू. चिलखती टँक त्यातले ६० टक्के शोषतो, म्हणजे दर वाराला त्याचे ४,००० जातात. चुकवणी टँक ६० टक्के वार टाळतो, पण उरलेले पूर्ण जोराने बसतात. सरासरी दोघांचीही ४,०००. मात्र कोणत्याही सलग तीन वारांतले तिन्ही बसण्याची शक्यता ०.४ चा घन, म्हणजे ६.४ टक्के. हेल्थ, म्हणजे जिवाचा साठा, ३०,००० असेल तर चुकवणी टँक तेवढ्यात गारद होतो. चिलखती टँकचे त्याच वेळात १२,००० गेलेले असतात. हीलरला घाम फुटतो तो या सलग वारांमुळे.

दुसरी अडचण उलट टोकाची आहे. चुकवणी ५० वरून ६० टक्क्यांवर नेली तर बसणारे वार पाचव्या हिश्शाने घटतात. ८० वरून ९० वर नेली तर निम्मे होतात. सामान चांगले होत गेले की टँकला हात लावणे अवघड होते. त्यामुळे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ला २००८ मध्ये सनवेल पठाराच्या आणि २००९ च्या डिसेंबरात आइसक्राउन गडाच्या मोहिमेत टँकची डॉज, म्हणजे वार चुकवण्याची शक्यता, थेट २० टक्क्यांनी कापावी लागली. त्याच खेळातील २०१२ च्या ब्रूमास्टर मंकमध्ये अधिक शहाणा तोडगा दिसतो : वाराचा काही भाग लगेच न लागता हप्त्याहप्त्याने वसूल होतो. पुढे त्याला प्रत्येक बसलेल्या वारागणिक डॉजची शक्यता वाढण्याचा गुणही मिळाला. सलग वारांची साखळी तोडणारा हा उपाय प्रस्तुत लेखकाला सर्वांत नेटका वाटतो.

बडोद्यातून खेळताना : निन्जाच्या वेळेवर टाकायच्या सावल्या सोडल्यास वरील चुकवणी सर्व्हरवरच्या फाशांवर ठरते, त्यामुळे नेटच्या विलंबाने तिचे काही बिघडत नाही. बटण दाबून उडी मारायच्या खेळांत तसे नाही. ‘गिल्ड वॉर्स २’चे (२०१२) सर्व्हर उत्तर अमेरिका आणि युरोपात आहेत आणि तेथे एका उडीचे संरक्षण पाऊण सेकंदाचे असते. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात बसलेल्याला शत्रूचा उगारलेला हात उशिरा दिसतो आणि त्याची उडीही उशिरा पोहोचते. त्याने हालचालीचा अंदाज घेऊन आधीच बटण दाबायला हवे. नवशिक्याने फाशांवरचा वर्ग निवडणे श्रेयस्कर. हीलर बडोद्याचा असल्यास तोही वार बसण्याची वाट पाहत नाही. व्हॉइसवर ‘अरे, सावल्या संपल्या’ अशी हाक येण्याआधीच तो टँकवर ढालमंत्र आणि थोडेथोडे भरून काढणारे उपचार लावून ठेवतो.